त्याच्या चहात खरंच काहीतरी होतं

गावच्या आशा कार्यकर्तीचा, आशाताईंचा, फोन आला तेव्हा गावोगाव सोयाबीनची काढणी चालू होती. "मॅडम, तो पोरगा आठ दिवस झाले मारुतीच्या देवळात झोपतोय. घरचं अन्न-पाणी बंद. हापशाचं पाणी पितो अन् बिस्किटाचा पुडा स्वतः फोडून खातो."

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेविका आहे. महिन्यातून एकदा ठरलेल्या गुरुवारी आमची टीम तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसते आणि पेशंटला महिन्याभराच्या गोळ्या मिळतात. हा मुलगा सत्ताविशीचा. स्किझोफ्रेनिया, गोळी रिस्पेरिडोन. त्याची आई एक महिना चुकवायची नाही. फाइलवर 'गोळ्या नियमित?' पुढे दर वेळी 'होय'. लोक अन्नात विष घालतात, ही त्याची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. त्यामुळे गोळ्या चालू असून आजार उसळला, असं मनात धरूनच मी एसटीत बसले.

देवळात तो खांबाला टेकून बसला होता. आशाताई आणि मावशी, म्हणजे त्याची आई, माझ्या मागे. मी खाली फरशीवर बसले. त्यानं एकच विचारलं.

"ताई, तुम्ही खरं सांगा. माझ्या चहात काय होतं? कपाच्या तळाला पांढरं राहिलं होतं. बोट फिरवलं तर कचकचलं."

मला ठाऊक होतं काय ते. दोन वर्षांपूर्वी ओपीडीच्या गर्दीत मावशींनी हळूच विचारलं होतं, "गोळी बघितली की अंगावर येतो. चहातून दिली तर चालंल का?" त्यांच्या मागे मोठी रांग होती. मी म्हणाले, "सध्या कशीही पोटात जाऊ द्या, मावशी." हो म्हटलं नव्हतं, पण ती परवानगीच होती. पुढे घरी कधीतरी येऊन त्याला समजावून सांगायचं, असं मनाशी ठरवलेलं राहून गेलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे, आपल्या उपचाराची माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, हे आशाताईंच्या प्रशिक्षणात मीच शिकवते.

मावशी मान हलवून 'नको, नको' म्हणत होत्या. साखर असेल म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"गोळी होती," मी म्हणाले. "तुझ्या आजाराची. आईनं कुटून घातली, कारण तिला भीती वाटत होती. तिनं मला विचारलं होतं आणि मी अडवलं नाही. चूक माझी आहे."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे होतं. मी सांगत होतो तर समदे म्हणले, याचा आजार वाढला."

मीही तेच लिहायला आले होते.

मग मी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. गोळी नको का वाटते? तो पायांकडे बघत राहिला. "बसलं की पाय आतून वळवळतात. बसवत नाही, निजवत नाही. रात्रभर अंगणात फेऱ्या घालतो." या गोळीनं असा त्रास होऊ शकतो, आणि त्यावर इलाजही असतो. मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तो फेऱ्या घालायला लागला की त्यांना वाटायचं आजार चढला, आणि दुसऱ्या दिवशी चहात अर्धी गोळी जास्त जायची. मुलाच्या जिवासाठी केलेलं होतं सगळं. त्या माउलीला बोल लावायला माझी जीभ रेटली नाही, आजही रेटत नाही.

मी गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं नाव वाचलं, गोळ्या मोजल्या. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि पायांचं त्यालाच बोलू दिलं. डॉक्टरांनी येत्या गुरुवारी बोलावलं. एका कागदावर मी टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून दिला. रात्री फारच अस्वस्थ वाटलं तर आईला न उठवताही फोन करता येईल म्हणून.

घरी गेलो. मावशींनी सवयीनं चहाचं भांडं उचललं. "मी करतो," तो म्हणाला. पातेलं दोनदा विसळलं, पाणी मोजून टाकलं, साखरेचा डबा उघडून आत बघितलं. मावशी चुलीपासून दोन हात लांब, भिंतीला पाठ लावून उभ्या. त्यानं चार कप भरले. आईचा कप तिच्या हातात नाही दिला, समोर ठेवला.

गुरुवारी ओपीडी आवरत आलेली असताना तो आला, एकटाच. डॉक्टरांनी डोस कमी केला, पायांसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. फाइलमध्ये 'औषध कोण देतं?' पुढचं 'आई' खोडून 'स्वतः' लिहिताना तो वाकून बघत होता.

गोळ्या घेतोय. आता निजतो घरीच. चहा रोज तोच करतो. आईच्या हातचं पिठलं मात्र अजून खात नाही. परवा मावशींचा फोन होता, "भाकरी खातो मॅडम, कोरडी. समोर थापली तर." मी म्हटलं, थापत राहा समोर.