आमची वाटचाल : अख्खं शेत उचलायचं

परदेशीपुरा, नंदानगर, पाटनीपुरा, मालवा मिल. इंदूरच्या या जुन्या गिरणी-वस्त्यांत पहाटे तोडलेला पालक सकाळी नऊच्या आत पोहोचवायचा आणि ठेल्यावरच्या भावापेक्षा महाग विकायचा नाही, हे काम आमची संस्था २०१५ पासून करते आहे. नोंदणी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली आहे, त्यामुळे उरलेला पैसा कुणाला वाटता येत नाही. तो कॅरेट, गाडी आणि शेतकऱ्याच्या उचलीत परत जातो. तरीही संस्था चालवायची ती धंदा म्हणूनच, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. देणगीच्या जोरावर भाजी वाटणारे पुष्कळ आले आणि देणगी आटल्यावर गेले.

याच वस्त्या का, असं विचारतात. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. हातातला पगार गेला की ताटातून आधी हिरवी भाजी जाते आणि बटाटा राहतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. पाच माणसांच्या घराला ते रोजचे दोन किलो झाले. ठेल्यावर मलूल मेथीची जुडी वाटेल त्या भावाने घ्यावी लागली, तर हे गणित कधीच बसणार नाही.

चोइथराम मंडीचा, म्हणजे इंदूरच्या घाऊक भाजीबाजाराचा, रस्ता कसा आहे ते या धंद्यातल्यांना माहीत आहे. इंदूरजवळच्या सांवेर किंवा देपालपूरकडे दुपारी तोडणी, संध्याकाळी जुड्या बांधून पोत्यात दाबायच्या, रात्री गाडी, पहाटे लिलाव, मग ठेला, मग गल्ली. अठरा-वीस तास सहज जातात. पालेभाजीच्या वजनातलं पाचेक टक्के पाणी उडालं की ती मान टाकते आणि मग तिच्यावर कुठलंही पाणी मारलं जातं. आम्ही तोडणी पहाटे चार ते सहा अशी बांधून घेतली. जुड्या सैल बांधायच्या, कॅरेटमध्ये उभ्या ठेवायच्या, वरून ओलं गोणपाट. गाडीत खाली भोपळा आणि कोबी, मध्ये गिलकी (घोसाळी), दुधी, वांगी, सगळ्यात वर पाला. भेंडीवर मात्र पाण्याचा थेंब पडता कामा नये, ती काळी पडते. बटला, म्हणजे मटार, पोत्यात भरायचाच नाही. तोडल्यावरही तो जोरात श्वास घेत असतो, पोतं आतून तापतं आणि दाण्याची गोडी तासागणिक उतरते. जाळीच्या कॅरेटमध्ये तीन-चतुर्थांशच भरावा. कांदा, लसूण, बटाटा आम्ही आजही मंडीतूनच घेतो, त्या मालाला मंडीच बरी.

शेत निवडताना पहिली अट पाण्याची. शहरातल्या खान आणि सरस्वती नद्यांच्या काठाने नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकते, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. आम्ही विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावरचंच शेत घेतो आणि पावसाळ्याआधी व नंतर पाण्याची तपासणी करतो. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली १०० मिलिलिटरमागे १००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू ही मर्यादा सांगितली होती. काकडी, मुळा, गाजर, कोथिंबीर यांच्यासाठी आम्ही तीच धरून चालतो. पाणी या मर्यादेवर गेलं तर त्या शेताची कोथिंबीर बंद, मग शेतकरी कितीही जवळचा असो.

सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खरी परीक्षा टाळेबंदीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात झाली. मोबाइलवरून भाजी विकणारी एक मोठी कंपनी शहरात आली. नाव घेत नाही. आमच्याच गावांत तिने संकलन केंद्र उघडलं आणि टोमॅटोला आमच्यापेक्षा किलोमागे तीन रुपये जास्त देऊ केले. शेतकरी गेले, त्यांना दोष नाही. पण त्या भावामागचा हिशोब कुणी मांडून दाखवला नाही, तो इथे मांडतो.

शंभर किलो टोमॅटो निघाला. आम्ही बारा रुपयांनी सगळा उचलायचो, म्हणजे १२०० रुपये. कंपनीला एका मापाचा, बिनडागी, सारख्या रंगाचाच हवा. असा माल पंचेचाळीस किलो निघाला तर १५ रुपयांनी ६७५ रुपये होतात. उरलेला पंचावन्न किलो चाळलेला माल. मंडीत त्याच्याकडे बघून आडतिया मान फिरवतो, कारण चांगल्या मालात मिसळून जो खपतो तो एकटा खपत नाही. पाच रुपये मिळाले तर २७५. एकूण ९५०. म्हणजे तीन रुपये जास्त भाव घेऊन शेतकऱ्याच्या हातात अडीचशे रुपये कमी! भेंडीत तेच, वाकडी नको. फ्लॉवरमध्ये तेच, पिवळसर नको. आणि आमच्याकडे यायचा तो चाळून उरलेला माल, त्यामुळे घरोघर जाणाऱ्या आमच्या भाजीच्या थैलीची कळाही उतरली.

तिकडे गिऱ्हाइकाला कूपनं, घरपोच फुकट, पहिल्या ऑर्डरला कांदा मोफत. आमच्या थैल्या निम्म्याहून खाली आल्या. छोट्या हाथीचा, म्हणजे आमच्या छोट्या मालगाडीचा, हप्ता थकला, कामावरच्या मुलांचे पगार पुढे ढकलावे लागले. भाजी गार ठेवायच्या शीतकक्षासाठी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, पैसे द्यायचं एका कारखान्याने कबूल केलं होतं. १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी लागणारा सीएसआर-१ फॉर्मही आम्ही भरून ठेवला होता. तिथल्या साहेबांनी सांगितलं, ‘आता हे काम बाजारच करतोय, तुमची गरज काय?’ हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. परदेशीपुऱ्याच्या आतल्या गल्ल्यांत त्या कंपनीची गाडी जातच नव्हती. कमीत कमी रकमेची ऑर्डर दिल्याशिवाय घरपोच नाही, आणि तेवढी भाजी रोजंदारीवरचं घर एका वेळी घेत नाही.

त्या दिवसांत संस्था उभी राहिली ती एका खानावळीमुळे. पाटनीपुऱ्याजवळ एक काकू विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात, आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. माल घेण्याची त्यांची रीत आम्ही नव्या मुलांना अजून दाखवतो. दुधीला नख लावून बघतात, नख सहज रुतलं आणि पाणी आलं तरच दुधी आत. भेंडीचं शेंडं अंगठ्याने मोडतात, कट्ट असा आवाज आला पाहिजे, नुसतं वाकलं तर ती जून झाली. पालकाची जुडी नाकाशी धरतात आणि तळाशी हात घालतात, ऊब लागली तर परत. तराजू त्यांच्याकडे स्वतःचा आहे. चाळलेला माल येऊ लागला तेव्हा त्यांना स्पष्ट सांगितलं की आता भेंडी अशीच मिळेल. काकू म्हणाल्या, ‘वाकडी भेंडी चिरल्यावर वाकडी राहते का रे? कोवळी आहे ना? मग मला रोज आठ किलो पाठव, आणि महिन्याचे पैसे आधी घेऊन जा.’ त्या पैशातून गाडीचा हप्ता गेला. पुढे त्यांनीच आणखी खानावळी जोडून दिल्या, आणि दुसऱ्या प्रतीच्या मालाला कायमची वाट सापडली.

कंपनीचं पुढे काय झालं ते मे महिन्यात दिसलं. माल दुपारी बंद गाडीत भरला जायचा, शहरातल्या गोदामात प्रतवारी व्हायची संध्याकाळी. तोवर गिलकी लुळी. रात्री मोबाइलवर ‘रिजेक्ट’चा निरोप यायचा आणि नाकारलेल्या मालाचे पैसेही नाहीत, मालही परत नाही. एका आठवड्यात संकलन केंद्राचं शटर खाली आलं. शेवटच्या खेपांचे पैसे काही शेतकऱ्यांना आजपर्यंत मिळालेले नाहीत. केंद्र उघडलं तेव्हा फोटो छापून आले होते, बंद पडल्याची एक ओळ कुठे आली नाही.

शेतकरी परत आले तेव्हा आम्ही एकच अट घातली आणि एकच वचन दिलं. शेताचा पट्टा ठरला की त्या पट्ट्याचा सगळा माल आमचा, चाळून कुणाला द्यायचा नाही. आणि आम्ही सगळा उचलणार, गारपीट झाली तरी. भाव दर रविवारी ठरतो. मागच्या आठवड्याची मंडीची सरासरी धरतो, त्यात खाली जाण्याची मर्यादा बियाणं, मजुरी आणि तोडणीच्या खर्चाशी बांधलेली. पहिली प्रत घरोघरच्या थैल्यांना, दुसरी खानावळींना आणि अंगणवाडीच्या स्वयंपाकाला, तिसरी लोणचं आणि वाळवणं करणाऱ्या बचत गटाला. ताज्या भाजीची सोय करू पाहणाऱ्या संस्था गिऱ्हाइकापासून सुरुवात करतात. सुरुवात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीला वाट शोधण्यापासून करा. पहिली प्रत कुणीही विकतं.

त्यानंतरही जे उरतं ते खड्ड्यात. इंदूरच्या माणसाला कंपोस्टसाठी बाहेर बघायची गरज नाही. अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इथल्या शेतीसंशोधन संस्थेत काम करून जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर गेली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे पातळ थर, ठरावीक अंतराने तीन उलथण्या, साधारण तीन महिन्यांत खत. भाजीचा कचरा नुसता टाकला तर मात्र सडतो आणि वास मारतो, कारण त्यात पाणी फार आणि हवा खेळत नाही. माळव्यात सोयाबीनचं भूस हवं तेवढं मिळतं. एक टोपली ओला कचरा, दोन टोपल्या भूस, असं मिसळलं की वास येत नाही.

कारखान्याने नाकारलेला शीतकक्ष आम्ही विटा-वाळूचा बांधला. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला हा विजेशिवायचा कक्ष आहे आणि सांवेरच्या बांधावर तो आजही चालतो. तळाला विटांची फरशी, साधारण १६५ बाय ११५ सेंटिमीटर. त्यावर विटांच्या दोन भिंती, उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर, दोन्हींमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट आणि फटीत नदीची वाळू. विटा चारशेच्या आसपास, माल शंभर किलो. झाकण बांबूच्या चौकटीवर गोणपाटाचं. वर गवताचं छप्पर हवंच, ऊन थेट पडलं तर सगळी मेहनत वाया. पहिल्यांदा विटा-वाळू पूर्ण भिजवायची, मग सकाळ-संध्याकाळ पाणी. फटीच्या वरून ठिबकची नळी फिरवली तर काम सोपं होतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आतलं तापमान बाहेरपेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उतरतं आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर राहते.

बिघडतं ते इथे. वाळूत माती असली की पाणी झिरपत नाही, म्हणून वाळू धुऊन, चाळून भरा. विटा सच्छिद्र हव्यात, जास्त भाजलेली काळी वीट पाणी पीत नाही. टोमॅटो आणि पाला एका कक्षात नको. पिकत्या टोमॅटोतून निघणाऱ्या वायूने काकडी, गिलकी आणि पाला पिवळा पडतो. कांदा-लसूण आत ठेवाल तर कोंब येतील आणि सडेल. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने कक्ष गार होत नाही, उलट बुरशी धरतो. जुलै ते सप्टेंबर आम्ही तो रिकामा ठेवतो आणि दुधी, गिलकी, भुट्टा असा त्याच दिवशी जाणारा मालच उचलतो. कॅरेट रोज धुवायचे. आठवड्यातून एकदा शंभर लिटर पाण्यात साठ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर कालवून त्यात बुडवायचे, साध्या पाण्याने खळबळायचे आणि उन्हात उपडे घालायचे. जुनी, डबा उघडा राहिलेली पावडर निकामी असते.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना आणखी थोडं सांगायचं आहे, विचारलं नसलं तरी. तराजूवर नाप-तौल खात्याचा चालू शिक्का असू द्या आणि तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून ठेवा. भावफलकावर आपला भाव आणि शेतकऱ्याला दिलेला भाव शेजारी-शेजारी लिहा. आमच्याकडे शंभरातले साठ शेतकऱ्याला जातात आणि ते फलकावर दिसतात, म्हणून घासाघीस होत नाही. थैलीची सक्ती करू नका. रोजंदारीवरच्या घराला पाव किलो गिलकी आणि एक जुडी लागते, तेवढीच द्या. फुकट वाटू नका, त्याने त्याच गल्लीतल्या ठेलेवालीचा दिवस बुडतो. आमच्याकडून घाऊक भावाने माल घेऊन विकणाऱ्या ठेलेवाल्या आज आमच्या सगळ्यात भरवशाच्या हातांपैकी आहेत.

आणि पेरणी टप्प्याटप्प्याने लावून घ्या, नाहीतर एका आठवड्यात मेथीचा ढीग आणि पुढच्या आठवड्यात रिकामी गाडी. मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघते, पालक महिन्याभरात, मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस. आमच्या पट्ट्यांवर मेथी आणि पालक दर दहा दिवसांनी पेरतात, दर खेपेला बिघ्याचा थोडाच भाग. यंदाच्या हिवाळ्यासाठी सांवेरचे पट्टे ठरले आहेत, देपालपूरच्या बाजूला दुसऱ्या कक्षाची जागा आखली आहे, आणि बटल्याचा पहिला तोडा आधी खानावळींना जाईल.