अकलचे ओंडके बघा, समचा उंट सोडा

जैसलमेरला निघालात की जो तो सांगतो, ‘समला जाच.’ सम म्हणजे तिथल्या वाळूच्या टेकड्या. गेलो. माणशी ३०० रुपयांत ‘सनसेट पॉइंटपर्यंत’ ठरवलेला उंट दोन टेकाडं चढून मटकन खाली बसला. उंटवाला पोरगा म्हणाला, पॉइंट पुढे आहे, तिथले २०० वेगळे. मी नाही म्हटलं तर उंट उठेना. म्हणजे तो उठवेना. बायको मागच्या उंटावर, सूर्य टेकलेला. दिले मुकाट्याने. वर जाऊन पाहतो तर आम्ही जिथून निघालो तो डांबरी रस्ता खाली हाकेच्या अंतरावर! पायी गेलो असतो तर दहा मिनिटं. तेव्हा समला उंटावर अजिबात बसू नका. चपला हातात घ्या आणि चढा.

दुसरी टोपी एजंटने घातली. यादीत ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ होतं, दाखवली फक्त पाटी. आम्ही सोलापूरचे, नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्ष्यासाठी पहाटे ताटकळलेले, त्यामुळे जास्तच लागलं. ३,१६२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य काय रस्त्यावरून दिसतं? खरंच माळढोक शोधायचा असेल तर त्याच पार्कातल्या सुदासरीला जा, वनखात्याची परवानगी आधी काढून.

पैसे वसूल झाले ते अकलला, दगड झालेल्या झाडांच्या जीवाश्म उद्यानात. जैसलमेरहून बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटर, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. रिक्षावाला म्हणाला, “उधर क्या है साब, पत्थर है.” बरोबरच होतं त्याचं. मी उभ्या झाडांच्या आशेने गेलो होतो. सगळे ओंडके आडवे, वर पत्रा, भोवती जाळी, पिंजऱ्यातल्या जनावरासारखे. पण जाळीला नाक लावून बघा. सालीच्या रेघा, फांदी तुटल्याची गाठ, सगळं जिथल्या तिथे, आणि सगळा दगड. १८ कोटी वर्षांपूर्वी या उजाड माळावर दमट जंगल होतं आणि जवळ समुद्र. सर्वांत लांब खोड १३ मीटरचं. तुकडे खिशात घालू नका. सावली नाही, खायला काही नाही. सकाळीच जा, पाणी घेऊन.

कुलधरा हे ओसाड गाव ठीक, अर्धा तास पुरे. बडा बाग, म्हणजे राजांच्या छत्र्या, संध्याकाळी. तनोटचं देऊळ आणि लोंगेवालाची रणभूमी पूर्ण दिवस खातात; तो दिवस छान गेला, कुणाशी भांडण झालं नाही.

अकलची रिक्षा मात्र ‘थांबून परत’ अशीच ठरवा, आणि अर्धे पैसे परत आल्यावर द्या. आम्ही तासभर आत होतो. तेवढ्यात गेटासमोर दुसरी एकही गाडी थांबली नाही.