रिठ्याचे पाणी आणि न विरघळणारे औषध

इंदूरच्या आमच्या जुन्या घरी आई माहेश्वरी लुगडी रिठ्याच्या पाण्यात धुवत असे. पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकवताना मायसेल समजावण्यासाठी मला त्या फेसाळ घमेल्याइतके सोपे उदाहरण सापडले नाही. रिठ्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्याच्या रेणूचा एक भाग पाण्यात रमतो आणि दुसरा पाणी टाळतो. प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की हे रेणू पाणी टाळणारी बाजू आत वळवून सूक्ष्म गोळे, म्हणजेच मायसेल, बांधतात, आणि त्या गोळ्यांत जसा तेलकट मळ शिरतो तसाच पाण्यात न विरघळणारा औषधाचा रेणूही शिरतो. आपले आतडे पित्तक्षारांच्या साहाय्याने हेच काम करते, म्हणून तर ग्रिझिओफल्विन हे बुरशीवरील औषध स्निग्ध जेवणासोबत घ्यायला सांगतात.

इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत हायड्रोट्रॉपीवर, म्हणजे पाण्यात दुसरा पदार्थ भरपूर मिसळून न विरघळणारे औषध विरघळवण्यावर, बरेच काम झालेले आहे. कार्ल न्यूबर्ग यांनी 1916 मध्ये रूढ केलेली ही संज्ञा. युरिया किंवा सोडियम बेंझोएट पाण्यात भरपूर मिसळले की त्यात अनेक हट्टी औषधे विरघळतात. गोळीतील औषध मोजताना त्यामुळे सेंद्रिय द्रावक टाळता येतात. मात्र ते पाणी कोणी पिणार नसते, हे विसरता कामा नये.

माझा एक विद्यार्थी ज्येष्ठमधाच्या अर्कात हळदीतले कर्क्युमिन विरघळवून स्वच्छ, केशरी द्रावण मोठ्या उत्साहाने घेऊन आला. मी त्याला ते जठराची नक्कल म्हणून 37 अंश सेल्सियसच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ओतायला सांगितले. थोड्याच वेळात द्रावण गढुळले आणि तळाशी पिवळा साका बसला. याची कारणे दोन: पातळ झाल्यावर मायसेल मोडतात, आणि ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हे सॅपोनिन स्वतः आम्लात नीट विरघळलेले राहत नाही. शिवाय ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. सॅपोनिन थेट रक्तात गेले तर तांबड्या पेशी फोडते. 'नैसर्गिक' हा शब्द वेष्टनावर शोभतो, परीक्षानळीला त्याचे कौतुक नसते.

औषध विरघळवायला वापरतात ते सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे ग्लुकोजच्या एककांचे कडे, हेही मुळात पिष्टापासूनच मिळते. व्हिलिएर यांना ते 1891 मध्ये आढळले. बीटा प्रकारात ग्लुकोजच्या सात एककांचे कडे असते, आणि त्याच्या पोकळीत औषधाचा रेणू बसतो. पण हे कडे स्वतःच पाण्यात बेताचे विरघळते, म्हणून त्याला हायड्रॉक्सिप्रोपिल गट जोडावे लागतात; मग त्याला नैसर्गिक म्हणायचे की नाही, हा वाद विद्यार्थ्यांत दरवर्षी रंगतो. इट्राकोनॅझोल या बुरशीवरील औषधाच्या पिण्याच्या द्रावणात दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध आणि त्याला सांभाळायला असे 400 मिलिग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन असते.

त्या केशरी द्रावणाच्या प्रसंगापासून कोणी 'विद्राव्यता शंभरपट वाढली' असे सांगत आले की मी आधी आम्लाचा बीकर पुढे सरकवतो.