माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर फुटतं

एक्लिप्समध्ये, म्हणजे मी जावाचा कोड लिहितो त्या एडिटरमध्ये, चूक दाखवणारी एकही लाल रेघ नव्हती. कोड पुश केला आणि बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) सर्व्हरवर फुटला. ओळ साधीच होती: ऑर्डरची यादी आमच्या एका जेनेरिक (कोणत्याही टाइपच्या, म्हणजे प्रकारच्या डेटासाठी चालणाऱ्या) मेथडमधून गाळून घ्यायची, तिचा स्ट्रीम (एकेक घटक पुढे सरकवणारी साखळी) करायचा आणि मॅपमधल्या लॅम्डात, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये, प्रत्येक ऑर्डरची, म्हणजे 'ओ'ची तारीख काढायची. एरर होती 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल', आणि तिच्याखाली बारीक: व्हेरिएबल 'ओ', टाइप ऑब्जेक्ट, म्हणजे जावातला सर्वात सामान्य टाइप, ऑर्डर नव्हे.

आधी प्रोजेक्ट क्लीन केला, जेडीके (जावाचा साधनसंच) ताडून पाहिला, दोन्हीकडे तोच. मग आठवलं, सर्व्हरवर चालतो तो जेडीकेमधला कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम), जावासी, एक्लिप्स वापरतच नाही, त्याचा स्वतःचा कंपायलर आहे, ईसीजे. जावा 8 मध्ये, 2014 साली, लॅम्डा आले तेव्हा टाइप इन्फरन्सचे, म्हणजे न सांगितलेला टाइप कंपायलरने ओळखण्याचे, नियमही नव्याने मांडले गेले. जावाच्या स्पेसिफिकेशनचं 18वं प्रकरण अख्खं त्यावरच आहे (झोप येत नसेल तर जरूर वाचा). दोन्ही कंपायलर त्याच नियमांवर बेतलेले, पण लिहिणारे हात वेगळे.

अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे लॅम्डाला टाइप आपणच सांगायचा. कंसात 'ऑर्डर ओ' लिहिलं, तर जावासी आणखीच बिथरला: लॅम्डाचे पॅरामीटर जुळत नाहीत म्हणे! खरं तर या दुसऱ्या एररनेच वाट दाखवली. नुसतं इन्फरन्स अडलं असतं तर टाइप सांगितल्यावर सुटायला हवं होतं. ऑब्जेक्टच हवा असा हट्ट आहे, म्हणजे मुळात स्ट्रीमच रॉ आहे, आत कसला डेटा आहे ते न सांगितलेला.

साखळी तोडून एकेक टप्पा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवत मागे गेलो. यादी देणारी जुनी मेथड नुसती 'लिस्ट' परत करत होती, आत काय आहे ते सांगणाऱ्या कोनी कंसाशिवाय. नियम असा, की जेनेरिक मेथडला रॉ यादी दिली आणि ती चालवून घ्यायला अनचेक्ड कन्व्हर्जन (न तपासता केलेला टाइपबदल) लागलं, तर परत येणारा टाइपही इरेज होतो, म्हणजे त्याच्या कोनी कंसातला भाग पुसला जातो. जावासीने नियम शब्दशः पाळला. माझ्याकडच्या ईसीजेच्या आवृत्तीने मात्र ऑर्डर ओळखून पुढे जाऊ दिलं. 'अनचेक्ड ऑर अनसेफ ऑपरेशन्स' ही नोट बिल्डमध्ये रोज दिसायची, पण आमच्यापैकी कुणी ती वाचायचं नाही.

जुन्या मेथडच्या रिटर्न टाइपला कोनी कंसात ऑर्डर लावलं. बिल्ड हिरवा. घाईत घातलेला 'ऑर्डर ओ' तसाच राहिलाय. आता तो दोघांनाही चालतो.