दोन्ही रिपोर्टवर एकच नाव, मग कॅन्सर वेगळे कसे?

लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर सोसायटीतला प्रत्येक रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न परवा कोथरूडच्या आमच्या जिन्यात शेजारच्या काकांनीच विचारला. त्यांच्या भावाला गालाचा कॅन्सर, तीस वर्षं तंबाखू. मेहुण्याला टॉन्सिलचा, आणि त्याने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. दोन्हीकडे लिहिलंय स्क्वामस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, मग डॉक्टर दोघांचं वेगवेगळं का सांगतात?

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते काका. स्लाइडवर दोन्ही चुलतभाऊच दिसतात, फरक आत क्रोमोसोममध्ये असतो, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांत, ज्यांना एक आखूड आणि एक लांब हात असतो. भावाचा तंबाखूने झालेला, मेहुण्याचा बहुधा एचपीव्ही नावाच्या व्हायरसने. तंबाखू, मिस्री, गुटखा वर्षानुवर्षं डीएनए तोडत राहतात, मग ३ नंबरच्या क्रोमोसोमचा आखूड हात गळतो, ९ चा गळतो, ११ च्या लांब हातावरचा एक तुकडा उलट कितीतरी पट वाढून बसतो, आणि पी५३ नावाचा राखणदार जीन बहुतेक वेळा बिघडलेलाच. अमेरिकेत २०१५ साली २७९ गाठी तपासून छापलं होतं, त्यात व्हायरस नसलेल्या दर पाचातल्या चारांहून जास्त गाठींत पी५३ बिघडलेला होता.

आता मेहुण्याचा एचपीव्ही. हा व्हायरस एवढासा, डीएनएच्या साधारण ८,००० अक्षरांचा. तो पी५३ च्या जीनला हातही लावत नाही, त्याचं ई६ प्रोटीन तयार झालेलं पी५३ पेशीकडूनच नष्ट करवतं, म्हणजे जीन शाबूत आणि माल गायब! त्याचं ई७ प्रोटीन तसंच आरबीचं करतं, आरबी म्हणजे पेशीच्या वाढीवरचा ब्रेक. म्हणून तिथे ९ आणि ११ ची ती मोडतोड सहसा दिसत नाही. पण क्रोमोसोम अगदी स्वच्छ असतात असंही नाही हं, ३ चा लांब हात दोन्हीकडे वाढतो, आणि १४ वरचा ट्राफ३ जीन व्हायरसवाल्यांतच जास्त करून हरवतो.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते पी१६, पेशीची वाढ रोखणारं आणखी एक प्रोटीन. त्याचा जीन ९ च्या त्याच आखूड हातावर. भावासारख्या केसमध्ये डीएनएला चमकणाऱ्या रंगीत खुणा चिकटवून अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्सखाली बघितलं तर पुष्कळदा पेशीत हिरवे ठिपके दोन आणि लाल एकही नाही, हिरवा म्हणजे क्रोमोसोमचा मधला भाग जागेवर आणि लाल म्हणजे पी१६, तो गेला. मेहुण्याच्या स्लाइडवर आरबीचा ब्रेक सुटल्याने तेच पी१६ इतकं उतू जातं की पी१६ चा रंग दिल्यावर सगळी गाठ चॉकलेटी दिसते. मात्र नुसतं पी१६ म्हणजे व्हायरस नक्की असं नाही, कधीकधी फसवतं.

या व्हायरसवाल्या टॉन्सिल-घशाच्या कॅन्सरला रेडिएशन-किमो चांगलं लागू पडतं. २०१० च्या एका अभ्यासात तीन वर्षांनी अशा पेशंटांतले ८२ टक्के हयात होते, घशाचाच पण व्हायरस नसलेला कॅन्सर असलेल्यांतले ५७. सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र हा फायदा कमी मिळाला. (आणि हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो म्हणून घरात जी कुजबुज सुरू होते ना, ती कृपा करून थांबवा, हा व्हायरस कित्येकांना होऊन आपोआप जातो.)

काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते लाल ठिपके परत येतात का गं?"

म्हटलं, नाही, गेला तो तुकडा गेला. त्यांच्याही गालात बार होताच, तो जिभेने दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, "लिफ्ट बंद आहे वाटतं आज."