हामेल्न : पुंगीवाल्याच्या वाटेने एक दिवस

गावभर उंदीर झाले, पुंगीवाल्याने ते नदीत बुडवले, ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून तो गावातली मुले घेऊन निघून गेला, ही गोष्ट मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली जाते. ती जिथे घडली असे मानतात, ते हामेल्न हे जर्मनीच्या नीडरझाक्सन राज्यात वेझर नदीकाठी वसलेले जुने शहर आहे. ते नीट पाहायचे असेल, तर उंदरांपेक्षा मुलांचा विचार मनात ठेवून पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याचे कारण जुन्या लिखाणात आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या आणि ल्यूनेबुर्ग येथे सापडलेल्या हस्तलिखितात उंदरांचा उल्लेखच नाही. त्यात एवढेच आहे की, 1284 मध्ये, 26 जूनला, सुमारे तीस वर्षांचा एक देखणा, उंची वस्त्रे ल्यालेला पुरुष पुलावरून वेझरच्या वेशीतून गावात आला, त्याने चांदीची बासरी वाजवली आणि ती ऐकणारी 130 मुले त्याच्यामागून पूर्वेच्या वेशीबाहेर जाऊन नाहीशी झाली. उंदीर या कथेत सोळाव्या शतकात आले. ग्रिम बंधूंनी 1816 मध्ये आपल्या दंतकथासंग्रहात तिला स्थान दिले, तोवर दोन्ही भाग एकजीव झाले होते.

म्हणून हे शहर पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे त्याच वाटेने चालावे. नीडरझाक्सनची राजधानी असलेल्या हानोफरच्या मुख्य स्थानकावरून एस-बान या उपनगरी रेल्वेची एस-5 ही गाडी सुमारे पाऊण तासात हामेल्नला पोहोचवते आणि ही गाडी हानोफरच्या विमानतळावरूनही सुटते. हामेल्नचे स्थानक जुन्या गावाच्या पूर्वेला असून तिथून चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात. वाटेतच पर्यटन माहिती केंद्र आहे, तिथे नकाशा घ्यावा. बहुतेक प्रवासी समोर आलेल्या ओस्टरश्ट्रासे या रस्त्यावरून पाहायला सुरुवात करतात. मी मात्र सुचवेन की, आधी सरळ नदीपर्यंत जावे आणि मग माघारी वळावे.

पुलावर सोनेरी उंदीर बसवलेला आहे, खाली वेझर वाहते आणि काठावर सेंट बोनिफाटियुसचे जुने, भारदस्त चर्च आहे. तिथून बेकरश्ट्रासे या रस्त्याने चौकाकडे येताना दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीची घरे आणि कोरीव दगडी दर्शनी भिंती लागतात. वेझरकाठच्या प्रबोधनकालीन बांधकामाची ही खास शैली असून, ती इतक्या दाटीने एकाच ठिकाणी पाहायला मिळणे दुर्मीळ आहे. चौकातल्या मार्क्टकिर्खे या चर्चमध्ये सुमारे 1300 मध्ये बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीवर पुंगीवाला आणि मुले होती, असे जुने वर्णन आहे. ती खिडकी सतराव्या शतकात नष्ट झाली. चर्चही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उद्ध्वस्त झाले व पुढे पुन्हा बांधले गेले. खिडकीवरून 1592 मध्ये काढलेले एक जलरंगातले चित्र तेवढे टिकले आहे आणि तेच पुंगीवाल्याचे सर्वांत जुने चित्र मानले जाते.

शेजारच्या होखत्साइट्सहाउस (लग्नघर) या 1610 ते 1617 च्या दरम्यान बांधलेल्या दगडी इमारतीवर घंटांचे घड्याळ आहे. दुपारी 1:05, 3:35 आणि 5:35 वाजता त्यातून पुतळ्यांची मिरवणूक निघते. पाच मिनिटे आधी जाऊन समोर उभे राहावे. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी दुपारी 12 वाजता इथल्याच ओट्यावर शहरातले हौशी कलाकार ही कथा विनामूल्य सादर करतात. संवाद जर्मनमध्ये असले तरी कथा ठाऊक असल्याने काही अडत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी पोहोचावे, नाहीतर समोर मोठ्यांच्या पाठीच दिसतात. रविवारी दुकाने बंद असतात, हे मात्र लक्षात ठेवावे. सोमवारी शहराचे संग्रहालय बंद असते. ज्यांना कथेचा इतिहास जाणून घ्यायचा आहे, त्यांनी तो दिवस टाळावा.

सर्वांत जास्त वेळ ओस्टरश्ट्रासेच्या पूर्व टोकाला द्यावा. तिथे 1602-03 मध्ये बांधलेले ‘राटेनफेंगरहाउस’, म्हणजे उंदीर पकडणाऱ्याचे घर, आहे. लोक त्याच्या देखण्या दर्शनी भागाचे फोटो काढतात आणि पुढे जातात, पण पाहण्यासारखी खरी गोष्ट बाजूच्या अरुंद गल्लीत आहे. त्या बाजूला जुन्या जर्मन भाषेत कोरले आहे की, 1284 मध्ये, संत योहान आणि पाउल यांच्या सणाच्या दिवशी, म्हणजे 26 जूनला, नाना रंगांचे कपडे घातलेल्या एका पुंगीवाल्याने हामेल्नमध्ये जन्मलेली 130 मुले नेली आणि ती कोपेन नावाच्या जागी हरवली. मान वर करून अक्षर अक्षर लावत गेलो, की ‘हामेल्नमध्ये जन्मलेली’ या शब्दांपाशी अडखळायला होते. ज्यांनी हे कोरून घेतले, त्यांना ती मुले परकी वाटत नव्हती. ही गल्ली म्हणजे बुंगेलोझेनश्ट्रासे. मुले इथूनच गेली असे मानतात आणि म्हणून इथे ढोल वाजवायला व नाचायला मनाई आहे. लग्नाची वरात आली तरी वाद्ये इथे थांबवण्याची प्रथा होती.

गावाने या घटनेपासून वर्षेही मोजली. 1556 मध्ये उभारलेल्या नव्या वेशीच्या दगडावर लिहिले होते की, जादूगाराने 130 मुले नेल्यानंतर 272 वर्षांनी ही वेस बांधली. नेमके काय घडले असावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. साथ, लढाई, धर्मयुद्ध असे अनेक तर्क आहेत. पूर्वेकडे नव्या वसाहती वसवण्यासाठी तरुणांची भरती करणाऱ्या माणसाने त्यांना नेले असावे, हे मत मला सर्वांत पटते, कारण त्यात ‘मुले’ म्हणजे गावाची लेकरे, मग ती तरुण का असेनात, असा अर्थ सहज बसतो.

रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, त्यामुळे चांगले बूट घालावेत. बाबागाडी किंवा चाकांची खुर्ची असेल, तर हळू चालण्याची तयारी ठेवावी. रस्त्यावर उंदरांच्या खुणा केलेल्या आहेत, त्यांच्या मागे जात मुलांना फिरवता येते. बेकऱ्यांत उंदराच्या आकाराचा पाव मिळतो. शाकाहारी मंडळींचे पोट बेकरीत सहज भरते, पण पारंपरिक उपाहारगृहांत पदार्थ नीट विचारून मागवावा. थोडी रोख रक्कम आणि सुटी नाणी जवळ असू द्यावीत, सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी ती लागतात. हानोफरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. मुक्काम करणे शक्य असेल, तर मात्र करावा, कारण दिवसभराच्या सहली परत गेल्यावर गल्लीतला तो लेख निवांत वाचता येतो.