२०१६ ची गाणी: मिर्झ्या, सैराट आणि काही न पटलेले अल्बम

२०१६ मधला माझा सगळ्यात आवडता अल्बम सैराट नाहीये, मिर्झ्या आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते कारण महाराष्ट्रात राहून २०१६ मध्ये असं म्हणायला जरा धाडस लागतं, आणि सैराटवर माझं प्रेम नाही असं अजिबात नाही, त्याच्यावर खाली लिहिणारच आहे. पण मिर्झ्या कुणी ऐकलाच नाही हो. पिक्चर ऑक्टोबरात आला, पडला, थेटरातून गेला आणि त्याच्यासोबत शंकर-एहसान-लॉयचं एवढं मोठं काम पण लोकांनी गुंडाळून ठेवून दिलं. पिक्चर पडला की गाणी पण पडलीच पाहिजेत असं आपल्याकडं का असतं कळत नाही मला.

मिर्झा-साहिबांची पंजाबी लोककथा, शब्द गुलझारांचे, दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरा. अशा पिक्चरला दुसऱ्या कुणी एक सुफी टाइप गाणं, एक भांगडा आणि एक अरिजितचं विरहगीत दिलं असतं आणि ते चाललं पण असतं. ह्यांनी काय केलं, तर गाणी हिरो-हिरोइनच्या तोंडी दिलीच नाहीत. लोहारांचा एक जथा आहे, तो नाचत गात गोष्ट पुढं नेत राहतो, आपल्याकडं गोंधळी रात्रभर आख्यान लावतात ना तसं. आणि एकदा हिरोच्या ओठांवर गाणं बसवायचं नाही म्हटलं की मग आवाज गुळगुळीत असायची सक्तीच राहत नाही. टायटल गाण्यात दलेर मेहंदी आहेत, ज्यांना आपण इतकी वर्षं फक्त लग्नात नाचायला ऐकलं, ते इथं असे काही वर चढतात की पहिल्यांदा ऐकताना मी हातातलं काम थांबवलं. त्यांच्यासोबत पाकिस्तानातले साईं जहूर आणि बलुची गाणारे अख्तर चनाल आणि नूरां सिस्टर्स, म्हणजे चार वेगवेगळ्या मातीतले खरबरीत आवाज एका गाण्यात, आणि मागं गिटार ड्रम्स सगळं दणकून वाजतंय तरी एकही आवाज दुसऱ्याखाली दबत नाही.

"आवे रे हिचकी" मध्ये राजस्थानचे मामे खान शंकर महादेवनबरोबर गातात. "एक नदी थी" रात्री हेडफोन लावून ऐका, नूरां सिस्टर्सचा आवाज तिथं एकदम शांत झालाय, त्या इतक्या हळू गाऊ शकतात हे मला माहीतच नव्हतं. आणि "कागा" मध्ये कौशिकी चक्रवर्ती, त्याबद्दल काय लिहू, ते थोडकंच आहे पण मी ते मागं घेऊन घेऊन ऐकते. (पिक्चरची हिरोइन सैयामी खेर आपल्या नाशिकची, उषा किरणांची नात, तिच्यासाठी तरी चालायला हवा होता असं वाटत राहिलं.) पिक्चर आला तेव्हा उरीच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी कलाकारांवरून वातावरण तापलेलं होतं, त्यात ह्या अल्बममधल्या साईं जहूरांसारख्या गायकांबद्दल मोकळेपणानं चांगलं बोलणारं पण फारसं कुणी दिसलं नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आता सैराट. एप्रिलच्या शेवटी पिक्चर आला आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईपासून ते गणपतीपर्यंत झिंगाट सोडून दुसरं काही वाजलंच नाही असं वाटतं, पण झिंगाटच्या त्या लाटेत बाकीची तीन गाणी किती बारकाईनं केलीत हे बोलायचं राहूनच गेलं. चारच गाणी आहेत पूर्ण अल्बममध्ये. एकही भरतीचं नाही. अजय-अतुल ह्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करायला लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले, भारतातल्या पिक्चरसाठी असं तिथं पहिल्यांदाच झालं आणि ते मराठी पिक्चरसाठी झालं, ह्याचा अभिमान आहेच. पण मला खरं कौतुक वेगळ्या गोष्टीचं आहे. एवढी व्हायोलिन्स, एवढे ब्रास आणल्यावर माणूस त्यांच्या प्रेमात पडतो आणि गाणं त्यांना शोभेल असं सजवायला लागतो, आवाज पॉलिश करतो, शब्द पुस्तकी करतो. "याड लागलं" मध्ये बरोब्बर उलटं झालंय. व्हायोलिन्सचा लोंढा येतो आणि त्याच्यावर अजय गोगावलेंचा तो मोकळा, किंचित चिरकणारा आवाज सोलापूरकडच्या बोलीत गायला लागतो, आणि तो आवाज ऑर्केस्ट्राकडं बघून जराही बुजत नाही. करमाळ्याच्या पोराला जे वाटतंय ते तेवढंच मोठं आहे, त्याला तेवढाच मोठा ऑर्केस्ट्रा पाहिजे, असं ठामपणे सांगितल्यासारखं वाटतं मला. नागराज मंजुळेंच्या अख्ख्या पिक्चरचं म्हणणंच ते आहे.

"आत्ताच बया का बावरलं" मध्ये श्रेया घोषाल आहे आणि ती ह्या बोलीत इतकी सहज कशी गाते ह्याचं मला अजून नवल वाटतं. "सैराट झालं जी" त्यातल्या त्यात कमी ऐकलं गेलं, चिन्मयी आणि अजय, माझ्या मते चारातलं सगळ्यात हळुवार गाणं तेच आहे.

मग ऑक्टोबरात अजय-अतुलांचंच "जाऊंद्या ना बाळासाहेब" आलं. "वाट दिसू दे" मला आवडलं, बाकीची "डॉल्बीवाल्या", "मोना डार्लिंग" पिक्चर बघताना मजा आणतात, घरी येऊन लावावीशी वाटली नाहीत. निराशा म्हणणार नाही, सैराटनंतर सहा महिन्यांत कुणाचंही काही आलं असतं तरी फिकंच वाटलं असतं.

खरी निराशा केली ती बँजोनं. रवी जाधवांचा हिंदी पिक्चर, रितेश देशमुख हिरो, आणि विषय कुठला तर मुंबईतली बँजो पार्टी! म्हणजे आपल्या गणपतीत, हळदीत, वरातीत वाजतो तो बँजो, खरं तर बुलबुल तरंग, टाईपरायटरसारखी बटणं असलेला, तो स्पीकरला जोडून पोरं असा काही वाजवतात की अख्खी गल्ली खाली उतरते. ह्या वाद्याला आणि ती वाजवणाऱ्या पोरांना कधी कुणी मान दिला नाही, हिंदी सिनेमात तर नाहीच. मी महिनोन् महिने वाट बघत होते. विशाल-शेखरांनी गाणी केली आणि ती वाईट आहेत असं नाही, "बाप्पा" ला जोर आहे, "राडा" वर लोक नाचले. पण बँजो कुठंय? येतो, दोन ओळी वाजवून जातो आणि मग परत तेच इलेक्ट्रिक गिटार, तेच ड्रम्स, जसे कुठल्याही पिक्चरात असतात. पार्टीतला मुख्य वाजवणारा जेव्हा एखादं जुनं गाणं घेऊन त्याच्यावर पाच पाच मिनिटं एकटा खेळत बसतो, तार कशी लाडात येते, ढोलवाल्याला कसं नुसत्या मानेनं खुणावतो, तसा एक तरी सलग तुकडा पाहिजे होता. तो वाद्याचा पिक्चर होता, वाद्य पोटभर ऐकायला मिळायला हवं होतं.

मोहेंजो दारोबद्दल लिहायला जीवावर येतंय कारण रहमान आणि गोवारीकर म्हणजे लगान, स्वदेस, जोधा अकबर. ह्या तीन पिक्चरांनी माझ्यासारख्या कितीतरी जणांना गाणं कसं ऐकायचं ते शिकवलंय. "तू है" सुंदर आहे, त्याचीच चाल "सिंधू माँ" मध्ये परत येते तीही छान. पण बाकी अल्बम हातात राहत नाही. सिंधू संस्कृतीची लिपीच अजून कुणाला वाचता आलेली नाही, संगीत तर लांबच, म्हणजे रहमानना सगळं कल्पनेनं उभं करायचं होतं आणि मला वाटलं की आता काहीतरी न ऐकलेलं ऐकायला मिळणार. मिळालं ते असं की कुठल्याही जुन्या काळातल्या कुठल्याही गावाला लावता येईल. "सरसरिया" गोड आहे पण ते त्याच गावातलं का, हे मला अल्बमनं कुठंच पटवलं नाही.

आणि ह्याच वर्षी ह्याच माणसानं तमिळमध्ये "अच्चम येनबदु मडमैयडा" दिलाय! गौतम मेननचा पिक्चर. "तल्ली पोगादे" भाषा कळत नसली तरी ऐका, सिड श्रीराम ज्या पद्धतीनं स्वर लांबवत लांबवत नेतो ते अंगावर येतं. आणि "रासाली" मध्ये "निन्नु कोरी" हा मोहनम रागातला वर्णम (कर्नाटक संगीतात शिकवणीत घोटून घेतात ती रचना) गुंफलाय, मोहनम म्हणजे आपला भूप, त्यामुळं आपल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं आणि बाईकवरच्या प्रवासाच्या गाण्यात शिकवणीतला वर्णम आल्यावर जो आनंद होतो तो वेगळाच. रहमान संपले असं मोहेंजो दारोनंतर जे म्हणत होते त्यांना मी हेच गाणं पाठवते.

रॉक ऑन २ बद्दल थोडक्यात. मिर्झ्या करणारेच शंकर-एहसान-लॉय, पण पहिल्या रॉक ऑनमध्ये चार पोरांच्या बँडची जी रग होती ती इथं नाही, गाणी नीटनेटकी आहेत आणि विसरायला होतात. एकच गाणं जिवंत आहे ते शिलाँगच्या समरसॉल्ट बँडचं, सोबत उषा उथुप. ते लोक आपल्या खासी ढंगात गातात आणि अख्ख्या अल्बमला तेवढ्यापुरती जाग येते.

अमित त्रिवेदीचं वर्ष मात्र सोन्याचं. फितूर फेब्रुवारीत, मग उडता पंजाब, मग डिअर जिंदगी. फितूरचं "पश्मीना" आवडतंच, पण उडता पंजाबमधलं "इक्क कुडी" माझ्यासाठी २०१६ चं गाणं आहे. पंजाबी कवी शिवकुमार बटालवींची कविता, एक मुलगी हरवली आहे, तिचं वर्णन असं असं आहे, आणि तिचं नाव मोहब्बत. बटालवी छत्तिसाव्या वर्षी गेले, १९७३ साली. शाहिद मल्ल्यानं ते काहीही जास्तीचं न करता गायलंय. जूनमध्ये सगळीकडं ह्या पिक्चरवरून सेन्सॉरचं भांडण चालू होतं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि त्या सगळ्या गोंगाटात हे गाणं अगदी साधं होऊन येतं.

ए दिल है मुश्किल सगळ्यांनी ऐकलाय, मी पण. "चन्ना मेरेया" चं कौतुक खरंय, पुढं मला काही म्हणायचं नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे सीडी-कॅसेटचं दुकान बंद झालं. आणि सप्टेंबरपासून जिओचं फुकट नेट आल्यावर सगळेच फोनवर ऐकायला लागलेत, ह्यात वाईट काही नाही, उलट तमिळ अल्बम गावाकडच्या पोरांपर्यंत पोचायला लागलेत. पण सीडीच्या आतल्या पानावर वादकांची नावं असायची, बासरी कुणाची, तबला कुणाचा, ती तेव्हा ॲपवर कुठंच दिसली नाहीत. मिर्झ्यामध्ये कुठलं लोकवाद्य कोण वाजवतंय हे मला शोधायचं होतं आणि सापडलं नाही. कंपन्यांनी निदान तेवढं तरी द्यावं.

दंगल २०१६ च्या अगदी डिसेंबरअखेर आला, प्रीतमचा, त्यामुळं यादीत घातला नाही. पण "हानिकारक बापू" ज्यांनी गायलंय ते सरवर खान आणि सरताज खान ही तेव्हा राजस्थानातली लहान पोरं होती आणि काय मोकळ्या गळ्यानं गायलीत, तेव्हा दिवसभर तेच चालू होतं.